लेकीचा उंबरा

वाघजाळीची खिंड ओलांडून तुम्ही उतरायला लागलात, की पहिल्याच वळणावर रस्ता अंग चोरून घेतो. मागे रुंद, पुढेही रुंद, आणि इथं मात्र एकाच गाडीपुरता. डाव्या हाताला खोल ओढा आणि उजव्या हाताला, डोंगराच्या कुशीत, एक उंबरा. दार नाही, चौकट नाही, भिंत नाही, मागे घरही नाही. नुसता काळ्या दगडाचा उंबरा, मधोमध वाटीसारखा झिजलेला. त्याच्या एका अंगाला पुरुषभर उंचीचा दगड उभा आहे, दुसऱ्या अंगाला पाण्याचा रांजण. रांजणापाशी आमच्यापैकी कुणीतरी बाई बसलेली असते, शेंगा फोडत नाहीतर वाती वळत.

तुमची गाडी दिसली की ती उठते आणि हात वर करते. गोंधळू नका. ती वर्गणी मागायला उठलेली नाही. इथं कुणी काही मागत नाही आणि कुणाचं काही घेतही नाही. नारळ आणला असेल तर घरी नेऊन त्याची चटणी करा. हार आणला असेल तर खाली गावच्या मारुतीला घाला. इथं करायचं ते एवढंच. गाडी बंद करायची, खाली उतरायचं, पायांवर पाणी घ्यायचं, उंबरा ओलांडायचा आणि वळण सरेपर्यंत पायी चालायचं. चालवणारानंसुद्धा आधी उतरून पाय भिजवायचे, मग रिकामी गाडी सावकाश पुढं आणायची.

असं का, हे विचारल्याशिवाय सहसा कुणी पुढं जात नाही. म्हणून जे आम्ही सासवांकडून ऐकलं आणि सासवांनी त्यांच्या सासवांकडून, ते सांगते. पाय वाळेपर्यंत ऐका.

ही गोष्ट एसटीच्या आधीची. तेव्हा सर्व्हिस मोटारी होत्या, पाठीवर कोळशाचा बंब घेऊन धावणाऱ्या. त्यांच्याही कितीतरी आधी, बैलगाड्यांसाठी ही खिंड फोडली. फोडताना दरड सुटली आणि एक मजूर तिच्याखाली गेला, असे सांगतात. लांबच्या मुलखातला होता. त्याच्या सोबत्यांनी त्याला इथंच माती दिली, आठवणीला तो दगड उभा केला आणि काम संपल्यावर ते आपल्या वाटेनं निघून गेले. त्याचं नाव त्यांच्याबरोबर गेलं. दगड मागं राहिला.

नाव असलेल्या दगडापाशी माणूस बसतो, टेकतो, दोन शब्द बोलतो. नाव नसलेल्या दगडाची मात्र भीती वाटायला लागते. कुणीतरी त्याला शेंदूर फासला. पुढं एक बैलगाडी इथं उलटली, तेव्हा आणखी शेंदूर लागला. मग एक सायकलवाला ओढ्यात गेला. मग गावानं ठरवूनच टाकलं, की ही जागा खाते. दगडाचं नावच पडलं भुकोबा.

भुकोबाचे नियमही झाले. थांबला तो लागला, हा पहिला नियम. वळणावर उभं राहिलात की भुकोबा तुम्हाला हेरून ठेवतो, म्हणून तिथं मोटार भरधाव काढायची. दुसरा नियम नारळाचा. धावत्या मोटारीतून नारळ दगडावर फेकायचा. फुटला तर भुकोबा निवला, नाही फुटला तर आज काहीतरी व्हायचं. म्हणजे बघा, ज्या वळणावर जीव मुठीत धरून हळू उतरायला हवं, तिथंच आमची माणसं भीतीपोटी मोटार पिटाळायची आणि चालवणारा एका हातानं नारळ फेकायचा. असं वेड आम्ही भक्ती समजून केलं, म्हणे, कितीतरी वर्षं.

गावात तेव्हा येसाक्का नावाची बाई होती. मोठी देवाची माणूस. सोमवार सोडायची नाही, एकादशी मोडायची नाही, कुणाचं पोर आजारी पडलं की स्वतः मीठ सोडून बसायची. घरात म्हातारी सासू. नवरा नाथा, शांत गडी, बोलणं कमी. थोरली लेक हौसा, खिंडीपलीकडं दिलेली. धाकटा केरबा, मिसरूड फुटलेला, अंगानं दांडगा.

हौसाच्या लग्नानंतरची पहिली पंचमी आली. केरबा मुराळी होऊन बहिणीला आणायला गेला. माहेरवाशीण येणार म्हणून येसाक्कानं घर सारवलं, झोका बांधून घेतला. पंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून दिंडं उकडायला ठेवली. आणि उंबऱ्याच्या आत सगळं मांडून ठेवलं: पाण्याचा तांब्या, भाकरीचा तुकडा, चिमूटभर मीठ. आमच्याकडं लेक आली की तिला तशीच आत घेत नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं करतात, पायांवर पाणी घालतात, डोळ्यांना पाणी लावतात, भाकरतुकडा ओवाळून टाकतात. वाटेत कुणाची नजर लागली असेल, काही अंगावर आलं असेल, ते सगळं उंबऱ्याबाहेर राहतं. मग लेक आत येते.

दुपारी मोटारीचा आवाज खिंडीत आला. येसाक्का तांब्या हातात घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. आवाज मध्येच तुटला.

मोटार ओढ्यात गेली होती. बाकीचे खरचटून, मोडून का होईना, वाचले. हौसा कडेला बसली होती. आपलं गाव आधी दिसावं म्हणून तिनं केरबाकडून ती जागा मागून घेतली होती. ती गेली. केरबाचा पाय सीटखाली चेचला.

मोटार चालवणारा शिद्राम डोकं फुटून वर आला आणि सगळ्यांना एकच सांगत सुटला, "भुकोबानं चाक धरलं. माझ्या हातातनं चाक वढलं त्यानं."

गावानं ते मानलं. मानायला सोपं होतं.

हाडवैद्यानं केरबाचा पाय बांधला, पण ताप उतरेना. पोर भट्टीसारखं पेटलेलं. तेव्हा धुळा भगत अंगणात येऊन बसला. हा धुळा काही लबाड माणूस नव्हता, हे आवर्जून सांगायला हवं. जे बोलायचा त्याच्यावर त्याचा स्वतःचा विश्वास होता. मान हलवून तो म्हणाला, "नाथा, त्यानं बहीण घेतली, आता भाऊ मागतोय. जोडी मागतोय जोडी. येत्या अवसंला बोकड सोड वळणावर, न्हाईतर पोराची आशा सोड."

नाथानं गोठ्याकडं पाहिलं. गोठ्यात बोकड होता, आणि तो हौसानंच लग्नाआधी बाटलीनं दूध पाजून वाढवलेला.

"सोडतो," नाथा म्हणाला.

येसाक्का आत केरबाच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होती. त्या संध्याकाळी केरबा तापातच बोलला, "आई, नारळ."

"कसला नारळ, बाळा?"

"शिद्रामदानं नारळ टाकायला हात काढला गं. नारळ दगडाला लागला न्हाई म्हणून त्यो वळून बघाय लागला. हौसाक्का वरडली, म्होरं बघा, म्होरं बघा. मंग..." आणि तो भिंतीकडं तोंड करून रडला.

येसाक्का तशीच बसून राहिली. दिवा लावायचंही तिला भान नव्हतं, असे सांगतात. मग ती उठली, देवापुढं गेली, आणि तिनं हात जोडले नाहीत. नुसतं विचारलं, "तू खातोस का रं माणसं?" थोडा वेळ ऐकत राहिल्यासारखी उभी राहिली. मग तिनं दिवा लावला आणि बाहेर आली.

"अवं, ऐका. बोकड द्यायचा न्हाई."

नाथा दावं वळत होता. त्याचे हात थांबले. "लेक गेली. आता पोरगं बी घालवतीस व्हय?"

"लेक देवानं न्हेली न्हाई. त्या नारळानं न्हेली, त्या घाईनं न्हेली. त्याच दगडाला आज बोकड दिला, तर उद्या शिद्राम आणखी जोरात मोटार हाणील. कुणाची तरी दुसरी हौसा त्या कडंला बसली असंल."

"दुसऱ्यांच्या लेकीचं मला सांगू नगंस. माझा केरबा तिथं पडलाय!"

"त्यो माझा बी हाय," ती म्हणाली. "मी त्याच्या जिवावर बोलतीया, हे मला कळत न्हाई असं वाटतं का तुमास्नी?"

नाथा पुन्हा दावं वळायला लागला. बायकोनं आजवर कधी देवाधर्माच्या कामाला नको म्हटलेलं त्यानं ऐकलं नव्हतं.

अवसेच्या सकाळी गावात हलगी घुमायला लागली. बोकडाला हळद लागली, गळ्यात माळ पडली. आणि इकडं येसाक्का पहार घेऊन आपल्याच घराच्या दारात बसली आणि उंबरा उकरायला लागली.

घराचा उंबरा उकरणं म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. लक्ष्मी त्याच्यावरून आत येते. लग्न होऊन आलेली बाई त्याच्यावरचं माप ओलांडते. आम्ही रोज सकाळी त्याला हळदीकुंकू लावतो, त्याच्यावर बसलेलं पोर दिसलं तर उठवतो. शेजारच्या बाया धावत आल्या.

"अगं येसाक्का, याड लागलं का काय तुला! बिनउंबऱ्याचं घर ऱ्हाईल का उभं?"

"ऱ्हाईल," ती पहार हाणत म्हणाली. "हौसा उंबऱ्यापतूर आली न्हाई. आता उंबरा हौसापतूर जाईल."

"इतके उपास केलेस, इतके नवस फेडलेस, काय मिळालं गं तुला?" एक म्हातारी टोचून बोलली. "अन् आता देवालाच उलटं बोलतीस?"

येसाक्कानं घाम पुसला. "नवस फेडले म्हणून तर देव वळखीचा झालाय, म्हातारे. त्यो असला न्हाई."

पहार दगडाला लागून निसटायची. पुन्हा ती हाणायची. नाथा बोकडाचं दावं हातात धरून ते बघत उभा होता. हलगी वेशीकडं निघाली, धुळा भगतानं हाक मारली. नाथानं दावं सोडलं. बायकोच्या हातातून पहार घेतली आणि म्हणाला, "हो बाजूला. तसं न्हाई निघायचं. खालनं तरफ द्याय पायजे."

उंबरा बैलगाडीत घातला. येसाक्का घागर, तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन पुढं बसली. मागून बोकड आपणहून चालत आला, गळ्यातली माळ चघळत.

वळणावर गाव जमलं होतं. धुळा भगत म्हणाला, "नाथा, बोकड फुडं आण." नाथा गाडीवरून उतरला आणि बैलांपाशीच उभा राहिला. पुढं गेली ती येसाक्का. तिनं पदर खोचला, घागर उतरवली आणि गावाच्या देखत भुकोबाला न्हाऊ घालायला सुरुवात केली. शिकेकाई चोळून, काथ्यानं घासून, जसं रानातून मळून आलेल्या पोराला न्हाऊ घालावं तसं. शेंदराचे थर निघू लागले. लाल पाणी रस्त्यावर वाहायला लागलं. लोक मागं सरले.

"येसे, हात लावू नगंस! कोपंल त्यो!" धुळा ओरडला.

"कुठनं कोपंल? तोंड दाव मला त्याचं." ती घासतच होती. "खातो म्हणतोस न्हवं? मग तोंड असंल की. कुठाय तोंड? हितं न्हाई. हितं बी न्हाई."

शेवटचा थर निघाला. खाली तोंड नव्हतं. हातभर लांब, वेडावाकडा, छिन्नीनं कुणीतरी घाईघाईत कोरलेला एक टिकाव होता.

कुणाला काही कळेना. मग गर्दीतला एक जख्ख म्हातारा काठी टेकत पुढं आला. त्यानं टिकावावरून बोट फिरवलं आणि तो रस्त्यातच खाली बसला. "अरं, ह्यो खिंडीचा गडी," तो म्हणाला. "दरडीखाली गेल्याला. मी पोरगा हुतो, मी त्याला पाणी आणून द्यायचो. त्याची आई हुती गावाकडं. तिचं सारखं सांगायचा."

हलगी थांबली होती.

येसाक्का म्हणाली, "म्हंजे ह्यो बी कुणाचा तरी ल्योक. ह्यो बी घरी पोचला न्हाई. अन् आपण त्याचं नाव इसरलो, वर त्यालाच राक्षस केला. माझी लेक ह्यानं खाल्ली म्हणता? त्यो बिचारा काय खाणार?"

धुळा भगताचा चेहरा पडला होता. पण त्याची भीती खरी होती. तो हळूच म्हणाला, "येसाक्का, आन् पोरगं गेलं तर?"

तिनं हात पुसले. मग म्हणाली, "गेलं तर मी हितं आणखी एक नाव घीन. पर दगडाला भूक हाय असं म्हणणार न्हाई. कुणालाच म्हणू देणार न्हाई. जा, सांग तुझ्या भुकोबाला. जोडी न्यायची असंल तर मी हितं बसलीया."

नाथानं आणि दोघाचौघांनी उंबरा उतरवून त्या दगडाच्या पायाशी बसवला. नाथा माती दाबतोय तोवर खिंडीच्या माथ्यावर मोटारीचा भोंगा वाजला.

शिद्रामच होता. मालकानं त्याला दुसरी मोटार दिली होती. नियमाप्रमाणं तो वेगात सुटला होता आणि त्याच्या हातात नारळ होता. वळणावर त्याला गर्दी दिसली, आणि रस्त्याच्या मधोमध तांब्या घेऊन उभी असलेली बाई. माणसं ओरडली. ती हलली नाही. शिद्रामनं दोन्ही हातांनी चाक धरलं, पाय रोवला. नारळ गडगडत ओढ्यात गेला. मोटार तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. भुकोबाच्या वळणावर थांबलेली ती पहिली मोटार, म्हणे.

"उतर, शिद्राम," येसाक्का म्हणाली.

"आक्का, हितं थांबायचं नसतं."

"थांबलास की. उतर खाली. वहाणा काढ."

तो वहाणा काढून उतरला. तिनं त्याला उंबऱ्यापुढं उभं केलं आणि त्याच्या पायांवर पाणी घातलं. ओंजळीतलं पाणी त्याच्या डोळ्यांना लावलं. मग तिनं विचारलं, "घरी कोण वाट बघतंय रं तुझी?"

असं कुणी त्याला कधी विचारलं नसावं. तो म्हणाला, "आई हाय. बायकू, गौरा. बारकी हाय एक, आता बसाय लागलीया." आणि तो तिच्या पायांशीच कोसळला. "आक्का, चाक कुणी वढलं न्हाई. माझाच हात हुता. माझाच हात."

गाव ऐकत होतं. ज्या हातानं लेक गेली तो हात तिच्यापुढं मातीत टेकला होता. तिनं तो धरून उठवला. "कळलं न्हवं? मग आता दोन्ही हातांनी जा. गौरा वाट बघतीया."

मोटारीतले सगळे एकेक करून उतरले. प्रत्येकाच्या पायांवर पाणी पडलं, प्रत्येकानं आपली वाट बघणाऱ्याचं नाव सांगितलं, कुणी आईचं, कुणी लेकाचं. सगळे उंबरा ओलांडून, वळण चालून पुढं जाऊन उभे राहिले. श्रावणातलं ऊन पडलं होतं. येणाऱ्यांच्या ओल्या पावलांचे ठसे उंबऱ्यापलीकडं उमटत होते आणि वाळत होते.

शेवटचा माणूस गेला. त्याचेही ठसे वाळले. आणि मग, असे सांगतात, उंबऱ्याच्या गावाकडच्या अंगाला पुन्हा ओले ठसे उमटले. दोन माणसांचे. एक पाऊल रुंद, भेगाळलेलं, अनवाणी राबणाऱ्याचं. आणि शेजारी एक लहान, नाजूक, बोटात जोडवी असलेल्या बाईचं. दोन्ही गावाकडं तोंड करून. कुणी म्हणतं ते वेशीपर्यंत गेले, कुणी म्हणतं दोन पावलांतच वाळले. आम्ही ते पाहिलेले नाहीत. पण येसाक्कानं हातातला भाकरतुकडा ओवाळून ओढ्यात टाकला आणि ती म्हणाली, "आलीस गं बाई," हे मात्र तिथल्या सगळ्यांनी ऐकलं.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण केरबाचा ताप त्या दिवशी उतरला नाही. उलट चढला. गावातले काही जण मान हलवायला लागले. बिनउंबऱ्याच्या दारातून येणारे-जाणारे आत डोकवायचे आणि चुकचुकायचे. धुळा भगत एका संध्याकाळी पुन्हा आला. "अजून येळ हाय, आक्का. बोकड हाय गोठ्यात."

येसाक्का पोराचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. डोळे सुजलेले. "बोकड हाय," ती म्हणाली. "त्याला जरा पाला टाक जाता जाता."

रोज मोटारीच्या वेळेला ती उठायची, सासूला पोरापाशी बसवायची आणि घागर घेऊन खिंड चढायची. पोर हाताला लागतं की नाही, हे ठाऊक नसताना दुसऱ्यांच्या लेकरांचे पाय धुवायची. पहिल्यांदा एकटी होती. मग शेजारीण आली. मग ती टोचून बोलणारी म्हातारीसुद्धा आली, म्हणाली, "माझ्यानं घागर न्हाई उचलायची, पर तांब्या धरते." एका दुपारी बाया खिंडीतून परत येत होत्या, तर घराच्या दारात, जिथं उंबरा होता त्या खाचेत पाय सोडून, भिंतीला टेकून केरबा बसलेला. वाळून काठी झालेला. "आई, भाकर दे," म्हणाला. येसाक्का भर रस्त्यात खाली बसली आणि मोठ्यांदा रडली. लेक गेल्यापासून ती तशी रडली नव्हती.

केरबा पुढं आयुष्यभर लंगडत चालला, पण चालला. शिद्राम म्हातारा होईपर्यंत मोटार चालवत राहिला. धुळा भगतानं पुढं स्वतः डोक्यावरून तो रांजण वळणावर नेऊन ठेवला. आजही पंचमीला रांजण भरायचा मान त्याच्याच घरच्या सुनांचा आहे. आणि बोकड? तो खूप जगला. ज्यांना राहवायचं नाही ते चोरून हार, खोबरं ठेवून जायचे आणि बोकड ते खाऊन टाकायचा. त्या खिंडीत खरा भुकेला तेवढा एकच होता, असं येसाक्का म्हणायची.

लोक तिला विचारायचे, आक्का, तुझ्या जागेला नवस काय बोलावा? ती म्हणायची, इथं नवस उलटा असतो. तुम्ही देवाला काही मागायचं नाही. देवानं तुमच्याकडं मागितलंय, ते द्यायचं. काय मागितलंय? 'घरी पोच', एवढंच.

पुढं डांबर पडलं, मग रस्ता रुंद करायला निघाला. साहेब म्हणाले, हा दगड आणि उंबरा हलवावा लागेल. आमच्या सासवा रस्त्यात येऊन बसल्या. भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "हलवा की. फकस्त जो हलवंल त्यानं आधी पायांवर पाणी घ्यायचं, आन् घरी कोण वाट बघतंय ते सांगायचं." यंत्रावरचा माणूस खाली उतरला. पाणी घेतलं. नाव सांगितलं. मग पुन्हा यंत्रावर चढायला त्याचा पायच उचलेना. साहेब बराच वेळ उन्हात उभे राहिले. त्यांनीही शेवटी बूट काढले. म्हणून रस्ता इथं अंग चोरतो.

उंबऱ्याच्या ओळीत मागं जे छोटे दगड दिसतात, ते लांबलांबच्या लोकांनी आणून लावलेले. ज्यांची माणसं ह्या रस्त्यावर, नाहीतर दुसऱ्या कुठल्या रस्त्यावर, घरी पोचली नाहीत त्यांनी. प्रत्येकावर नाव आहे आणि खाली एक खूण आहे. एकावर तराजू, एकावर पाटी, एकावर शिवणाचं यंत्र. नाव आणि काम सांगितल्याशिवाय इथं दगड लावत नाहीत आणि शेंदूर कुणालाच लावू देत नाहीत. त्या पहिल्या गड्याचं नाव काही सापडलं नाही. पंचमीला सगळी नावं मोठ्यानं घेतो, तेव्हा त्याच्यापाशी आलं की म्हणतो, "खिंडीचा ल्योक." आणि त्याच्यापुढंही दिंड ठेवतो.

सगळेच थांबतात असं नाही. काही जण भोंगा वाजवत तसेच निघून जातात. त्यांच्या मागंही आम्ही ओंजळभर पाणी रस्त्यावर टाकतो. पाय नाही तर चाक तरी भिजू दे.

मागं एकदा मोठ्या ट्रकवरचा एक माणूस उतरला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. पाणी घेतलं. रांजणावरच्या बाईनं विचारलं, "घरी कोण वाट बघतंय?" तो जरा हसला आणि म्हणाला, "कोणी नाही, मावशी. कोणीच नाही."

तिनं तांब्या खाली ठेवला नाही. आणखी थोडं पाणी घातलं त्याच्या पायांवर. म्हणाली, "मग आम्ही बघतो. परत कधी येणार?"

"गुरुवारी."

"गुरुवारी थांब हितं. न्हाई थांबलास तर जीव टांगणीला लागंल आमचा."

तो थांबला. त्यानंतरही थांबत आला.

आजही वाघजाळीत येसाक्काच्या घराला उंबरा नाही. सुना नव्या आल्या की घरातून नाही, इथून माप ओलांडून जातात. आजही दिवस उजाडला की कुणीतरी बाई घागर घेऊन खिंड चढते आणि हात वर करून उभी राहते. पाय वाळले असतील तुमचे. उंबऱ्याला हात लावा, चालत पुढं व्हा, तुमची गाडी येईल मागून. पण जाण्याआधी सांगून जा, घरी कोण वाट बघतंय?